वाशीमचा ताम्रपट आणि मिराशींचा ध्यास

वाशीमच्या रहिवाशास त्याच्या गावाचे जुने नाव विचारले तर तो 'वत्सगुल्म' असे चटकन् सांगतो. वत्स ऋषींच्या तपाची कथा, पद्मतीर्थ, गावातील व भोवतालची एकशेआठ तीर्थे हे सारे येथील जुन्या माणसांच्या तोंडी आहे, आणि माहात्म्यग्रंथांनी ते जपूनही ठेवले आहे. पण हे गाव एका सार्वभौम म्हणवणाऱ्या घराण्याच्या शाखेची राजधानी होते, अजिंठ्याच्या सर्वोत्कृष्ट लेण्यांशी त्याचा थेट संबंध होता, आणि येथून निघालेली राजाज्ञा नांदेडपर्यंत चालत होती, हे मात्र १९३९ पूर्वी कुणालाच ठाऊक नव्हते. ते कसे कळले, आणि एका माणसाला लागलेल्या ध्यासाने ते कळल्यावर पुढे किती जणांना कामाला लावले, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की वत्सगुल्म हे नाव संस्कृत वाङ्मयाला अपरिचित नव्हते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्मकांचा उल्लेख येतो, व त्यावरील टीकाकार सांगतो की दक्षिणापथात वत्स आणि गुल्म असे दोघे राजपुत्र सख्खे भाऊ होते, त्यांनी वसविलेला तो प्रदेश. वत्स ऋषीची कथा निराळी आणि ही निराळी. एका नावाला दोन जन्मकथा असणे आपल्या देशात काही नवे नाही. पुढे नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवर राजशेखराने तर या गावाला मोठाच मान दिला. काव्यमीमांसेत त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावून दिला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. कर्पूरमंजरीत त्याने ज्या 'वच्छोमी' रीतीचा उल्लेख केला ती म्हणजे वैदर्भी रीतीच, आणि तिचे नाव पडले आहे ते याच गावावरून. वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम, त्याचे पुढे बाशीम व वाशीम, अशी ही साखळी आहे.

परंतु कवीची साक्ष निराळी आणि दप्तराची साक्ष निराळी. ज्या नगरात काव्याचे लग्न लागले त्या नगरात काव्याला आश्रय देणारा राजा कोण होता, हे राजशेखर सांगत नाही. त्याला ते सांगण्याचे कारणही नव्हते. इतिहास लिहिणाराला मात्र नाव हवे, पिढी हवी, वर्ष हवे.

ते १९३९ साली मिळाले. वाशीमचे पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडे चार ताम्रपत्रे होती. ती यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे यांच्यापर्यंत गेली. देशपांडे हे महानुभाव वाङ्मयाचे नावाजलेले संशोधक. जुन्या पोथीच्या वासावर कोसच्या कोस जाणारे. त्यांनी व प्रा. द. बा. महाजन यांनी त्या पत्रांचे वाचन त्याच वर्षी कलकत्त्यास भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेपुढे मांडले. तांबे म्हटले की घरात त्याचा हिशेब शेरावर होतो. जुन्या घरातील मोडीबरोबर असे किती पत्रे तांबटाच्या भट्टीत गेले असतील आणि त्यांचे घंगाळ झाले असेल, याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. ज्यांचा अर्थ घरात कुणाला लागत नाही असे चार पत्रे टाकून न देता राखणे, आणि योग्य माणूस भेटताच विश्वासाने त्याच्या हाती देणे, ही गोष्ट दिसते तितकी लहान नाही. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

त्या पत्रांवर काय होते? दान देणारा राजा विंध्यशक्ती. राज्याचे वर्ष सदतिसावे, हेमंताच्या पहिल्या पक्षातील चौथा दिवस. (त्या काळी महिन्यांऐवजी ऋतूंचे पक्ष मोजीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.) दान दिले ते एक गाव, नान्दीकटाच्या म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर मार्गावरील, दान घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण. आणि आज्ञा जेथून सुटली ते स्थान वत्सगुल्म. वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यवहारी भाग प्राकृतात. म्हणजे पूर्वजांची थोरवी गावयाची ती देवभाषेत, आणि गावात कोणी शिरू नये, कोणता कर घेऊ नये हे सांगावयाचे ते अधिकाऱ्यांना व गावकऱ्यांना समजेल अशा बोलीत. राज्यकारभाराची ही समज सोळाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात होती.

खरी चमत्कारिक गोष्ट वंशावळीत होती. वाकाटकांचा सम्राट पहिला प्रवरसेन. त्याचा पुत्र सर्वसेन. त्याचा पुत्र हा विंध्यशक्ती. वाकाटकांची जी राजमालिका तोवर विद्वानांनी जुळविली होती तीत सर्वसेन नावाचा पुरुषच नव्हता. तीत प्रवरसेनाचा नातू रुद्रसेन, त्याचा पुत्र पृथिवीषेण, आणि पुढे चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता जिला दिली त्या रुद्रसेनाची शाखा, म्हणजे रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची शाखा होती. मग हा वाशीमचा विंध्यशक्ती कोण? ताम्रपट बनावट म्हणावा, की मालिका चुकली म्हणावी?

येथे वासुदेव विष्णु मिराशी कथेत येतात. त्यांचा जन्म १८९३ चा, कोकणातील देवगड तालुक्यात कुवळे गावी. शिक्षण संस्कृताचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि त्यांचे १९३४ चे 'कालिदास' हे मराठी पुस्तक वाचकांस चांगलेच परिचित होते. अशा मनुष्याने मेघदूत आणि शाकुंतल शिकवून निवृत्त व्हावे, हे सरळ होते. त्यांनी निराळा मार्ग धरला. विदर्भात राहावयाचे तर विदर्भाचा इतिहास वाचला पाहिजे, आणि तो छापील पुस्तकांत नाही तर तांब्यात आणि दगडात आहे, हे त्यांनी ओळखले. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक यादी १९१६ साली करून ठेवली होती. ती म्हणजे या रानातील पायवाट. मिराशींनी पायवाटेचा रस्ता केला.

कोरीव लेख वाचणे म्हणजे काय, हे श्रोत्यांस थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याखेरीज ध्यास या शब्दाचा अर्थ कळणार नाही. दगडावरील लेख असेल तर तो प्रथम धुऊन काढावयाचा. त्यावर ओला कागद बसवून ताठ केसांच्या ब्रशाने ठोकावयाचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग वरून शाईचा बोळा फिरवावयाचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळे होते. हा झाला ठसा. त्यानंतर दिवसेंदिवस त्या काळ्या-पांढऱ्याकडे पाहत बसावयाचे. येथे रेघ आहे की दगडाची चीर? हा 'र' आहे की अर्धवट उडालेला 'स'? वाचलेले वृत्तात बसते का? व्याकरणात बसते का? बसत नसेल तर कोरणारा चुकला की आपण चुकलो? ज्याला संस्कृत चांगले येते त्याला येथे एक मोठा धोका असतो: अक्षर पुसट असले की मनातले अक्षर तेथे दिसू लागते. मिराशींचा ध्यास ज्याला म्हणावयाचा तो या मोहाला आवर घालण्यात होता. उत्साही माणसे पुष्कळ असतात. उत्साहाला लगाम घालून तो तीस-चाळीस वर्षे चालविणारी थोडी.

वाशीमच्या ताम्रपटाने त्यांना अजिंठ्याकडे परत पाठविले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर, पावसापाण्याने झिजलेला एक लेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे कोरविले, असे तो सांगतो व आरंभी वाकाटकांची वंशावळ देतो. डॉ. भाऊ दाजी, पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बुलर यांच्यासारख्यांचे हात या लेखावरून फिरले होते. बुलरचे वाचन १८८३ साली प्रसिद्ध झाले व तेच प्रमाण धरले जात होते. झिजलेल्या जागी त्यांनी रुद्रसेन, पृथिवीषेण ही नंदिवर्धनाच्या शाखेतील ओळखीची नावे पाहिली. पन्नासांहून अधिक वर्षे सारे जण तीच पाहत राहिले. मिराशींनी वाशीमचा ताम्रपट शेजारी ठेवून तो लेख नव्याने तपासला, आणि त्यांना तेथे सर्वसेन व विंध्यसेन ही नावे मिळाली. म्हणजे मालिका एक नव्हतीच. प्रवरसेनानंतर घराणे फुटले होते. एक पाती नंदिवर्धनास, दुसरी वत्सगुल्मास. अजिंठ्याचा हरिषेण हा वाशीमच्या पातीचा. १९४१ साली हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने मिराशींचे हे वाचन पुस्तकरूपाने छापले.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की बुलर काही सामान्य पंडित नव्हता. त्याच्या डोळ्यांस जे दिसले नाही ते मिराशींस दिसले, याचे श्रेय एकट्या मिराशींच्या दृष्टीला देणे त्यांनाही रुचले नसते. वाशीमच्या शास्त्र्यांच्या घरातले चार पत्रे समोर नसते तर अजिंठ्याची ती अक्षरे तशीच मुकी राहिली असती. एका गावाच्या तांब्याने दुसऱ्या गावाच्या दगडाला वाचा दिली. त्याच सुमारास लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये पडून असलेले एक सुटे ताम्रपत्रही रँडल या विद्वानाने प्रसिद्ध केले. ते देवसेन राजाचे होते आणि तेही वत्सगुल्माहूनच दिलेले होते. कलकत्त्यास डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी वाशीमच्या पत्रांवर चर्चा केली. महाजनांबरोबर मिराशींनी एपिग्राफिया इंडिकेत त्यांचे पुन्हा संपादन केले. पाहता पाहता वऱ्हाडातले एक तालुक्याचे गाव विद्वानांच्या पत्रव्यवहाराचा विषय झाले. तालुक्याचे म्हणण्याचे कारण असे की इंग्रजी अमदानीतील बाशीम जिल्हा १९०५ साली मोडला होता, आणि वाशीमला जिल्ह्याचा मान परत मिळाला तो १९९८ च्या १ जुलैला. राजधान्यांच्या नशिबी असे चढउतार यावयाचेच.

मिराशी येथे थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण ज्याला कामाची गोडी लागली त्याला काम संपत नाही. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा प्रचंड ग्रंथ दोन भागांत १९५५ साली निघाला. वाकाटकांच्या लेखांचा १९६३ साली. शिलाहारांच्या लेखांचा १९७७ साली, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतरही सातवाहन व क्षत्रपांचे लेख त्यांनी हाती घेतले व पुरे केले. १९८५ साली ते वारले. हे ग्रंथ विद्वानांसाठी इंग्रजीत लिहिले गेले. पण आमच्या मते त्यांच्या ध्यासाची लागण इतरांना झाली ती त्यांच्या मराठी लेखनाने. 'संशोधन-मुक्तावलि' या मालेतील प्रत्येक भागाला त्यांनी 'सर' असे नाव दिले, मोत्यांचा सर असतो तसा. विदर्भ संशोधन मंडळातर्फे हे सर एकामागून एक निघत राहिले. १९५७ साली नागपूर विद्यापीठाने त्यांचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे पुस्तक काढले. शाळामास्तराने, वकिलाने, तालुक्याच्या गावातील ग्रंथालयाच्या चिटणीसाने वाचावे असे ते पुस्तक आहे. आपल्या शेताच्या बांधावरचा कोरीव दगड हा निव्वळ शेंदूर लावण्याचा दगड नसेल, ही शंका मनात येण्यास अशी पुस्तके गावोगाव जावी लागतात.

त्या पुस्तकात मिराशींनी वत्सगुल्माच्या राजांचा काळ अंदाजाने बसविला होता. सर्वसेन सुमारे ३३० ते ३५५, विंध्यशक्ती ३५५ ते ४००, आणि पुढे येत येत देवसेन ४५० ते ४७५, हरिषेण ४७५ ते ५००. यांपैकी एकही वर्ष कोणत्या लेखात लिहिलेले नव्हते. वाकाटक राजे आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजीत. शक किंवा गुप्त संवत वापरीत नसत. म्हणून हे आकडे म्हणजे पिढ्यांच्या मोजणीवर व समकालीन राजांच्या आधारावर रचलेली इमारत होती. ती डळमळीत आहे असे म्हणणारे होतेच.

आणि मग वाशीमच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेल्या हिस्से-बोराळा या गावी एक शिलालेख मिळाला. हा लेख देवसेनाच्या वेळचा. त्याचा अधिकारी स्वामिल्लदेव याने एक तलाव बांधविला व त्याचे नाव ठेवले सुदर्शन. आणि वर्ष दिले आहे: शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८. वाकाटकांच्या साऱ्या लेखांत शकवर्ष देणारा हा पहिला लेख. मिराशींनी देवसेनास जी पंचवीस वर्षे दिली होती तीत हे वर्ष नेमके बसते. अंदाज बांधून ठेवावा आणि काही वर्षांनी दगडानेच येऊन 'बरोबर' म्हणावे, असा आनंद संशोधकाच्या वाट्यास क्वचित येतो.

या तलावाबद्दल दोन शब्द अधिक बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. सुदर्शन हे नाव गिरनारच्या पायथ्याच्या प्रसिद्ध तलावाचे. तो चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधला, रुद्रदामनाने दुरुस्त केला, स्कंदगुप्ताच्या वेळी तो फुटला व पुन्हा बांधला गेला. ही स्कंदगुप्ताच्या वेळची दुरुस्ती आणि बोराळ्याचा तलाव यांत दोनतीन वर्षांचेच अंतर आहे. वऱ्हाडातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या तळ्याला तेच नाव द्यावे यात त्याची हौस दिसते आणि महत्त्वाकांक्षाही. अजिंठ्याचा लेख सांगतो की देवसेनाने राज्यभार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपविला व तो स्वतः सुखोपभोगात रमला. राजा रमला असेल. त्याचे अधिकारी तलाव बांधीत होते. वाशीम भागातील उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या दोहोंपैकी कोणाचे काम मोठे हे सांगावयास नको.

ध्यासाची लागण दूर कशी पोचते याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. दंडीच्या दशकुमारचरिताच्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या एका राज्याची हकीकत आहे. पुण्यवर्मा हा सद्गुणी राजा मरतो, त्याचा पुत्र अनंतवर्मा व्यसनी निघतो, वृद्ध मंत्र्याचा उपदेश त्याला कडू लागतो, आणि अश्मकाचा राजा कपटाने ते राज्य धुळीस मिळवितो. ही केवळ गोष्ट नसून हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या वाकाटकांचा जो अंत झाला त्याची आठवण तीत आहे, असे मिराशींनी १९४५ च्या सुमारास मांडले. बहुतेकांनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी ते बाजूला ठेवले नाही. त्यांनी अजिंठ्याचाच ध्यास घेतला; वर्षानुवर्षे तेथे येऊन राहिले; दाराच्या चौकटी, खिळ्यांची भोके, अर्धवट सोडलेले खांब, घाईने रंगविलेले कोपरे, सारे मोजले. कोणते लेणे कधी थांबले व का थांबले याचा माग काढताना त्यांनी मिराशींचा तो सिद्धांत पायाला घेतला. अजिंठ्याची महायान लेणी काही शतकांत नव्हे तर मुख्यतः हरिषेणाच्या कारकीर्दीत, वीसएक वर्षांच्या अवधीत कोरली गेली, असे त्यांनी प्रतिपादिले व त्यावर अनेक खंड लिहिले. २०१९ साली ते निवर्तले.

मात्र स्पिंक यांनी मिराशींचे सारेच मानले असे नाही. हरिषेणाची कारकीर्द त्यांनी मिराशींच्या आकड्यांहून पंधराएक वर्षे मागे नेली. ४६० च्या सुमारास आरंभ आणि ४७७ च्या सुमारास अंत. हिस्से-बोराळ्याचे ४५८ हे वर्ष त्यांनाही आधाराला आलेच. पुष्कळ विद्वानांना त्यांचाही हिशेब पटत नाही आणि वाद अद्याप चालू आहे. ज्याच्या कामाने दुसऱ्याला केवळ होकार देण्याची प्रेरणा होते त्यापेक्षा ज्याच्या कामाने दुसरा आपले मोजमाप घेऊन वाद घालण्यास उभा राहतो तो गुरू मोठा, असे आम्हांस वाटते. नागपुरात डॉ. अजयमित्र शास्त्री यांनी वाकाटकांवर जे पुढचे काम केले तेही याच जातीचे: आदर ठेवून, पण प्रत्येक वाचन पुन्हा तपासून.

सर्वसेन राजाचीही गोष्ट अशीच पुढे सरकली. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य सर्वसेनाने रचले, त्याची आनंदवर्धन, कुंतक, हेमचंद्र यांनी नावे घेतली, श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणल्याची त्यात कथा होती. काव्य नष्ट झाले आहे. हा कवी सर्वसेन आणि ताम्रपटातील राजा सर्वसेन एकच, हे वाशीमच्या पत्रांनंतर ध्यानात आले, आणि पुढच्या पिढीतील प्राकृताच्या अभ्यासकांनी भोजाच्या व इतरांच्या अलंकारग्रंथांतून त्याची विखुरलेली पद्ये वेचून काढली. राजशेखराने काव्यपुरुषाच्या लग्नासाठी वत्सगुल्मच का निवडले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथे आहे. ज्या नगराचा पहिला राजाच कवी, तेथे मांडव घालण्यास राजशेखरासारख्या कवीला दुसरे कारण कशाला हवे?

मिराशींच्या पुस्तकात वत्सगुल्माच्या राजांचे जे कोष्टक आहे त्यात एक जागा रिकामी आहे. दुसरा प्रवरसेन आणि देवसेन यांच्या मध्ये एक राजा झाला. अजिंठ्याचा लेख सांगतो की तो आठव्या वर्षी गादीवर आला व त्याने राज्य उत्तम चालविले. परंतु त्याचे नाव त्या भिंतीवर मिळत नाही. मिराशींना तेथे एखादे नाव सुचविणे कठीण नव्हते. वृत्तात बसेल असे नाव संस्कृतच्या प्राध्यापकाला पाच मिनिटांत काढता येते. त्यांनी 'नाव अज्ञात' एवढेच लिहिले. नंतर मिळालेल्या साधनांवरून काही अभ्यासक त्या राजाला दुसरा सर्वसेन म्हणतात. आठ वर्षांच्या त्या पोराला पणजोबाचे नाव ठेवलेले होते.